संचालकांच्या खोल्या

त्या वर्षी मे महिन्यात दिंद्रुडला टँकर दोन दिवसांआड येत होता, आणि त्याच महिन्यात मनकर्णानं समुद्रावर जायचा अर्ज केला.

अर्ज नवऱ्याच्या नावानं होता. उत्तरेश्वर हा नवभूमी सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर कायम कामगार होता. उसाअभावी त्या हंगामात गाळप पन्नास दिवसांत आटोपलं होतं आणि जानेवारीपासून माणसं घरी बसली होती. मनकर्णा गावच्याच अंगणवाडीत सेविका होती. एप्रिलमध्ये एकदा तिनं पोरांना पाटीवर पाणी काढायला सांगितलं. सतरा पोरांनी सतरा टँकर काढले. त्यात तिचा स्वतःचा रेवतही होता, पाच वर्षांचा. त्यानं तर टँकरला पाइप काढला होता आणि पाइपाशी भांडणाऱ्या बायाही काढल्या होत्या. मदतनीस बाई हसून हसून बेजार झाली. मनकर्णाला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी तिनं कारखान्याचा वार्षिक अहवाल काढला. हे जाड पुस्तक दरवर्षी कामगारांना मिळायचं आणि बहुतेक घरांत त्याची पानं भाकरी गुंडाळायला जायची. मनकर्णा मात्र ते वाचायची. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं की कामगार कल्याण निधीतून श्रीवर्धनजवळ समुद्रकिनारी बांधलेलं विश्रामधाम सभासद आणि कामगारांच्या कुटुंबांसाठी उपलब्ध आहे.

"हे तुमच्या पगारातनं कापून बांधलंय न्हवं?" तिनं विचारलं.

"बारा वर्षं झाली कापतेत," उत्तरेश्वर म्हणाला. "पर तितं संचालक जातेत. कामगार कोण जातंय?"

"कोणी मागितलं का कधी?"

उत्तरेश्वरनं अहवाल हातात घेऊन मिटला. तो धिप्पाड माणूस होता. बॉयलरच्या दारासमोर आठ आठ तास उभा राहायचा. पण कारखान्याच्या ऑफिसात शिरताना त्याचे खांदे आपोआप आत जायचे. कोपऱ्यात त्याची आई सरूबाई तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "जाऊ की. माजलगावच्या धरणावर सात वर्षं माती वाहिली म्या. पाणी आलं ते दुसऱ्याच्या उसाला. एकदा फुकटचं पाणी बघू दे मला."

दोन दिवसांनी नवराबायको एसटीनं कारखान्यावर गेली. कामगार अधिकारी बंकटराव यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या दोन कारकुनांना हाक मारली.

"हे बघा. गावात प्यायला पाणी न्हाई आन ह्यांना पोहायला पायजे!"

कारकून हसले. उत्तरेश्वर फरशीकडं बघत राहिला. मनकर्णानं पदर सारखा केला.

"साहेब, न्हाई म्हणायचं असंल तर त्याच कागदावर न्हाई म्हणून लिहा. कावून न्हाई, ते बी लिहा. अहवालात तर हाय म्हणून छापलंय."

बंकटरावांचं हसू थोडं कमी झालं. नाही म्हणून लिहायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण काही नव्हतं. त्यात ही माणसं खरंच कुठं जाणार, असंही त्यांना वाटलं असावं. त्यांनी चिठ्ठीचं पुस्तक ओढलं, दोन खोल्या, शुक्रवार ते सोमवार असं लिहिलं आणि शिक्का मारला.

"घ्या. तेवढी हौस हाय तर जा."

बातमी गावात टँकरच्या रांगेतच फुटली. घागरीवर बसलेली छबुबाई म्हणाली, "लोकाची जनावरं छावणीला बांधलीत, आन तुमी मजा मारायला निघालात? शोभतंय का?"

"छबुबाई, दुष्काळात लेकरांनी हसू नये असा जीआर निघालाय का?" मनकर्णा म्हणाली. "मी इथं ऱ्हायले तर टँकर जास्त दिवस टिकतोय का? मी चार दिवस न्हाई, तर चार घागरी तुमालाच सापडतील."

त्याच आठवड्यात कारखान्याचे संचालक राधाकिशन अण्णा गावात आले. शाळेसमोरच्या मांडवात त्यांनी भाषण केलं. लग्नं साधी करा, बँड लावू नका, सहली, जत्रा, मौजमजा यंदा बंद ठेवा, आपण सगळे एका संकटात आहोत, असं ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वरनंही वाजवल्या आणि घरी येऊन म्हणाला, "राहू दे का? अण्णा बी म्हणतेत…"

"अण्णांनी चिठ्ठी फाडा म्हणून सांगितलं का? न्हाई ना? मग पिशव्या भरा."

गुरुवारी संध्याकाळी ते निघाले. पुण्याला गाडी बदलली. घाटात रेवतला दोनदा ओकारी झाली. आठ वर्षांची विशाखा खिडकीला नाक लावून बसली होती आणि हिरवं झाड दिसलं की आजीला ढोसत होती. सरूबाईनं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. तिनं तो शेजारच्या अनोळखी बाईलाही खायला लावला.

विश्रामधाम म्हणजे कौलारू बंगला होता. पुढं व्हरांडा, दोन मोठ्या खोल्या, मागं नारळाची झाडं आणि एक पंपघर. राखणदार धाकूकाका तिथलेच, साठीचे. त्यांनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, मग सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं.

"कामगार?"

"हो."

"बारा वर्षांत पयलेच कामगार आलाव तुम्ही," धाकूकाका म्हणाले आणि दोन्ही खोल्यांची कुलपं काढली.

पोरांनी खोल्या बघितल्याच नाहीत. सुरूच्या झाडांमागून आवाज येत होता, तिकडं ती पळाली. मनकर्णा त्यांच्यामागं धावत गेली आणि झाडं संपली तिथं थांबली. तिनं चित्रात समुद्र पाहिला होता, टीव्हीवर पाहिला होता. पण तो एवढा हलत असेल असं तिला वाटलं नव्हतं. विशाखा गुडघ्यापर्यंत गेली, लाट आली तशी किंचाळून मागं आली, पुन्हा गेली. रेवत मात्र काठावर उभा राहून नीट बघत होता.

"मम्मी, रांग कुठंय?"

"रांग न्हाई इथं."

"मग नंबर?"

"नंबर बी न्हाई. जा."

तो एक पाऊल पुढं गेला, परत आला आणि म्हणाला, "पर हे कोणाचं हाय?"

"तुझं हाय. जा म्हणलं ना."

मग तो जो गेला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. सरूबाई लुगडं पिंढरीपर्यंत खोचून लाटेत बसली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली. "आगं माय! येवढं मोठं करून मीठच टाकून ठिवलंय की!" ती हसायला लागली ती थांबेचना. तिला हसताना बघून मनकर्णाही पाण्यात बसली, साडीसकट. उत्तरेश्वर तेवढा बूट घालून वाळूत उभा होता. त्याला सारखं वाटत होतं की मागून कोणीतरी हाक मारेल.

ती हाक दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

दोन जीपगाड्या अंगणात शिरल्या. पहिलीतून राधाकिशन अण्णा उतरले, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात रबरी सपाता. मागून त्यांचे दोन जावई, लेकी, नातवंडं, आइस्क्रीमचं खोकं, पोहायच्या फुगीर रंगीत ट्यूबा. उत्तरेश्वर व्हरांड्याच्या दोरीवर पोरांचे कपडे वाळत घालत होता. त्याच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"तू इथं कसा बे?"

"चिठ्ठी हाय, अण्णा. बंकटरावसाहेबांनी दिली."

अण्णांनी चिठ्ठीकडं बघितलंसुद्धा नाही. "बरं, बरं. झालं ना बघून? आता सामान उचला. लेकी-जावई आलेत. मागं पंपघर हाय, तितं ऱ्हावा, न्हाईतर संध्याकाळची गाडी हायच."

उत्तरेश्वरचे खांदे आत गेले. तो खोलीत गेला, पिशव्या उचलल्या आणि बाहेर आला. बॉयलरवर फोरमननं सांगितलेलं काम जसं तो करायचा, तसंच. तेवढ्यात मनकर्णा ओली पोरं आणि सासूला घेऊन सुरूच्या झाडांतून येत होती. नवऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या तिला लांबूनच दिसल्या. आणि जवळ येता येता तिनं अण्णांचा आवाज ऐकला. ते धाकूकाकांशी बोलत होते.

"दोन्ही खोल्या धुऊन घे. चादरी काढ. गाद्या उन्हात टाक."

"फिनेल टाकून धुवा," धाकटा जावई म्हणाला.

मनकर्णा पायरीशी थांबली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, पायांना वाळू चिकटली होती.

"गाद्यांना काय झालं, अण्णा?"

अण्णा वळले. "काय?"

"एक रात निजलो आमी. सासूबाई तर खालीच निजल्या. गाद्यांना काय झालं?"

"तसं काही न्हाई बाई. माणसं बदलली की स्वच्छता करावी लागती. रीत असती ती."

"अस्सं? धाकूकाका, आमी यायच्या आधी कोण होतं इथं?"

धाकूकाका झाडूच्या दांड्याशी चाळा करत होते. "मागल्या हप्त्यात व्हाइस चेअरमन होते."

"ते गेल्यावर गाद्या उन्हात टाकल्या? फिनेल टाकलं?"

धाकूकाकांनी अण्णांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "न्हाय. चादर बदलली फक्त."

अंगणात नातवंडांपैकी एक मुलगी रेवतला आपली रंगीत ट्यूब दाखवत होती आणि रेवत ती दाबून बघत होता. धाकट्या जावयानं तिला हाताला धरून मागं ओढलं. हे मनकर्णानं पाहिलं, आणि उत्तरेश्वरनंही पाहिलं.

"हे बघ," अण्णांचा आवाज चढला, "कज्जा करायला आलो न्हाई मी इथं. तुझ्या नवऱ्याची नोकरी माझ्या शब्दावर हाय, हे ध्यानात ठेव."

आपण तेव्हा घाबरलो होतो, हे मनकर्णानं नंतर नवऱ्याजवळ कबूलही केलं. पण तेव्हा ती पायरी चढून वर गेली, नवऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि अण्णांसमोर धरली.

"ठिवते ध्यानात. मग एवढं करा. ह्या चिठ्ठीखाली लिहा, कामगाराला खोलीतनं काढलं, आन मागनं खोल्या फिनेलनं धुतल्या. खाली सही करा. आमी ह्याच पावली जातो. पेन देऊ का?"

"जास्त बोलायलीस तू."

"मांडवात तुमी बोललात ते आख्ख्या दिंद्रुडनं ऐकलंय. सहली बंद ठेवा म्हणलात. डोळे पुसले. आज तुमी इथं हायेत, हे आमी बी पाच जणांनी बघितलंय."

अण्णा काही म्हणणार तोच सरूबाई त्यांना वळसा घालून गेली आणि पहिल्या खोलीच्या उंबऱ्यात मांडी घालून बसली. ओल्या लुगड्याचं पाणी फरशीवर पसरलं.

"राधाकिशना," ती म्हणाली. गावात त्यांना असं नुसतं नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. "तुझ्या बापाच्या शेतात म्या खुरपलंय. धरणावर मुकादम दगडं उचलायला लावायचा, ती बी उचललीत. आता मला कोण उचलतंय ते बघू दे. तुझ्या जावयांना सांग, धरा म्हातारीला."

दोघा जावयांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी पुढं आलं नाही.

तेव्हा मनकर्णा बोलली, आणि तिचा आवाज जरा खाली आला होता. "अण्णा, तुमच्यासोबत बी लहान लेकरं हायेत. उन्हातनं आलेत. आमी पाच जण एका खोलीत ऱ्हातो. दुसरी तुमी घ्या. पर धुवायची न्हाई. हाय तशी घ्या. चादरी सुदिक त्याच."

आता सगळ्यांचं लक्ष अण्णांकडं लागलं. दुसऱ्या जीपमध्ये त्यांची बायको विमलबाई अजून बसूनच होती. घामाघूम झाली होती. तिनं काच खाली केली आणि एकदा मनकर्णाकडं बघून नवऱ्याला म्हणाली, "घ्या की ती खोली. काय हुतंय?"

"तू गप बस!" अण्णा ओरडले. सामान पुन्हा गाड्यांत चढू लागलं. नातवंडं रडू लागली, त्यांना समुद्र अजून दिसलाही नव्हता. गाडीत बसता बसता अण्णा उत्तरेश्वरकडं वळले.

"उद्या सकाळी कारखान्यावर हजर ऱ्हा. मग बघू."

उत्तरेश्वरच्या हातांत पिशव्या तशाच होत्या. त्यानं त्या खाली ठेवल्या. ठेवल्या म्हणजे आत नेऊन, खोलीत, जिथून उचलल्या तिथं ठेवल्या आणि पुन्हा व्हरांड्यात आला.

"उद्या न्हाई जमायचं, अण्णा. चिठ्ठी सोमवारपर्यंतची हाय."

जीप निघून गेल्या. धुरळा खाली बसला तरी कोणी हललं नाही. मग उत्तरेश्वर व्हरांड्यातच बसला. धाकूकाकांनी दोन शहाळी फोडून आणली, एक सरूबाईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझा तर गेला बहुतेक काम. पण जाऊ दे."

"आपल्याला जायचं का आता?" विशाखानं विचारलं.

"न्हाई."

"मग पाण्यात?"

मनकर्णानं नवऱ्याकडं बघितलं. उत्तरेश्वरनं बूट काढले, मोजे काढून त्यांत कोंबले आणि रेवतला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा पाण्यात गेला. पॅन्ट भिजली, पाकीट भिजलं, एका लाटेनं तो उताणा पडला आणि रेवत त्याच्या छातीवर. लेक बापाला उठवू लागला आणि बाप उठायचंच विसरला.

पुढचे दोन दिवस निव्वळ सुखाचे गेले असं नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उत्तरेश्वर मान वळवायचा. फोन वाजला की मनकर्णाच्या हातातलं काम थांबायचं. पण पोरं दिवसातून तीनदा समुद्रात गेली. सरूबाईनं शिंपले वेचून लुगड्याच्या ओच्यात भरले. धाकूकाकांच्या बायकोनं माशाचं कालवण पाठवलं, ते काट्यासकट खाताना रेवत खोकून लाल झाला. सोमवारी दुपारी, चिठ्ठी संपायच्या वेळेला, ते निघाले. एक तासही आधी नाही.

जूनमध्ये कागद आला. उत्तरेश्वरची बदली बॉयलरवरून उसाच्या यार्डात, गाड्यांच्या रांगा लावायला. युनियनची दोन माणसं घरी आली, अण्णांना एकदा भेट, पाया पड, मिटवून टाक, म्हणाली. उत्तरेश्वरनं त्यांना चहा दिला.

"पाया कशापायी पडू? खोलीत झोपलो म्हणून?"

ती चहा पिऊन निघून गेली. तो यार्डात जाऊ लागला. पुढल्या हंगामात ऊस बरा आला आणि पहाटेपासून ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या गर्दीत तो शिट्टी फुंकत उभा असे. वाफेचा माणूस, थंडीत खोकायचा. त्यावरून नवराबायकोचं एक-दोनदा भांडणही झालं. "तुझ्या त्या पेनापायी," तो एकदा बोलून बसला आणि दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला सांगितलं की यार्डातले लोक त्याला विचारतात, समुद्र कसा असतो, आणि अर्ज कसा लिहायचा.

अर्ज मनकर्णानं लिहून दिले. अंगणवाडी सुटल्यावर बाया येत, ती एकेकीला विचारून लिहायची. माणसं किती, लेकरं किती, खोली कधी पाहिजे. मार्चअखेर त्यांचा स्वतःचा धरून अकरा अर्ज कारखान्यात गेले. ऑफिसच्या फलकावर उत्तर लागलं: विश्रामधाम दुरुस्तीसाठी बंद.

हंगाम संपल्यावर कारखान्यावर कामगारांचा मेळावा असतो. व्यासपीठावर संचालक होते, राधाकिशन अण्णाही होते. शेवटी, कुणाला काही विचारायचं आहे का, असं नेहमीप्रमाणं विचारलं गेलं, आणि नेहमीप्रमाणं लोक उठायला लागले. तेव्हा मागच्या रांगेतून उत्तरेश्वर उभा राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत तो मेळाव्यात कधी बोलला नव्हता. माइक त्यानं घेतला नाही, त्याला लागणारही नव्हता. बॉयलरच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळा तयार झाला होता.

"विश्रामधामाला दुरुस्ती काय हाय?"

अण्णांनी शेजाऱ्याकडं बघितलं. "छत गळतंय."

"पावसाळ्यात गळत असंल. मे महिन्यात काय गळतंय?"

लोक हसले. काहीजण परत खाली बसले.

"आन गळत असलं तर गळू द्या," उत्तरेश्वर म्हणाला. "आमची बी घरं गळतेत, आमी ऱ्हातो त्यांत. अकरा अर्ज हायेत. न्हाई म्हणायचं असंल तर अकराच्या अकरांवर लिहून द्या, आन इथंच वाचून दाखवा. नावं वाचा, कारण वाचा. आमी बसलोय."

आणि तो खरंच बसला. त्याच्या शेजारी यार्डातला सुग्रीव बसला, मग मिलचे लोक, मग पाक आटवणाऱ्या पॅनवरचे. दाराजवळ पोचलेले परत आले. पत्र्याच्या शेडखाली घामानं अंग भिजत होतं, पंखे बंद होते, आणि कोणी उठत नव्हतं. व्यासपीठावरची माणसं कुजबुजत राहिली. अर्ध्या तासानं बंकटरावांना चिठ्ठ्यांचं पुस्तक आणायला पाठवलं गेलं.

त्या मे महिन्यात सहा कुटुंबं समुद्रावर जाऊन आली. उरलेल्या पाचांना दिवाळीनंतरची तारीख मिळाली. उत्तरेश्वरचं नाव यादीत सगळ्यात खाली होतं, ते त्यानंच टाकलं होतं. तो यार्डातच राहिला.